चाकांवरचं बिऱ्हाड

इंग्लंडमधल्या चेस्टरहून वेल्समधल्या हॉलिहेडकडे जाणारी रेल्वे वाटेत बराच वेळ समुद्राच्या कडेनं धावते. प्रेस्टॅटिन, ऱ्हिल, अबर्गेले अशी गावं मागे पडतात आणि खिडकीतून दिसत राहतात ती क्रीम नाही तर फिकट हिरव्या रंगाची लांबट घरं. ओळीनं, जवळजवळ, शेकड्यांनी उभी. उन्हाळ्यात त्यांच्या कठड्यांवर ओले टॉवेल वाळत असतात आणि वाळूनं भरलेल्या पायांनी पोरं आतबाहेर करत असतात. या घरांना कॅरॅव्हॅन म्हणतात. प्रत्येकीच्या पोटाखाली झालरीआड चाकं असतात, पण ती फिरत नाहीत. कारखान्यातून ती मोठ्या ट्रेलरवर लादून आणली जातात, एकदा जागेवर बसली की वर्षानुवर्षं तिथून हलत नाहीत. जे घर कुठे जायचंच नाही त्याला चाकं कशासाठी, हा प्रश्न मला त्या खिडकीत पडला. उत्तर शोधताना जवळजवळ तीनशे वर्षं मागे जावं लागलं.

समुद्रकिनाऱ्यावर चाकांची खोली प्रथम आली ती राहण्यासाठी नव्हे, कपडे बदलण्यासाठी. अठराव्या शतकात इंग्लंडमधले डॉक्टर समुद्रस्नान हे औषध म्हणून सांगू लागले. उघड्यावर कपडे उतरवणं सभ्य समाजाला मान्य नव्हतं, म्हणून लाकडी खोलीला चार चाकं लावून घोड्याकरवी ती थेट पाण्यात नेत. आत कपडे बदलायचे, दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी पाण्यात उतरायचं. स्कारबरोच्या किनाऱ्याच्या १७३५ सालच्या एका खोदचित्रात अशी खोली दिसते. मार्गेटच्या बेंजामिन बीलनं १७५० च्या सुमारास तिला पाण्यापर्यंत उतरणारी कापडी छत्री जोडली. खुद्द राणी व्हिक्टोरियाचं पहिलं समुद्रस्नान १८४७ साली ऑसबर्नला अशाच खोलीतून झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्त्री-पुरुष एकत्र पोहू लागले, आडोशाची गरज संपली. तेव्हा अनेक ठिकाणी या खोल्यांची चाकं काढली आणि त्या वाळूच्या वरच्या अंगाला ओळीनं मांडून ठेवल्या. चाकं गेली की खोली जागेला चिकटते आणि जागेवर हक्क सांगू लागते. पुढच्या सगळ्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडताना दिसतं.

राहण्याच्या गाडीचं मूळ मात्र निराळं आहे. ब्रिटनमधले रोमानी लोक, ज्यांची भाषा आपल्याच भाषांच्या कुळातली आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तंबूत राहत आणि सामान खटाऱ्यात किंवा जनावरांच्या पाठीवर नेत. त्यानंतर त्यांच्यात घोड्यानं ओढायच्या, छप्पर असलेल्या लाकडी गाड्या आल्या. जत्रांत खेळ करणाऱ्यांकडे त्या थोड्या आधीपासून होत्या. रेडिंगच्या डंटन या सुतार घराण्याच्या गाड्या सर्वांत देखण्या समजल्या जात. कोरीव काम, सोनेरी वर्ख, आणि आत इंच न् इंच विचार करून बसवलेला. दारातून शिरल्यावर डाव्या हाताला लोखंडी शेगडी. तिचं धुराडं नेहमी रस्त्याच्या मधल्या बाजूला यायचं, म्हणजे कुंपणाच्या झाडांच्या फांद्या त्याला अडकत नसत. मागच्या भिंतीशी आडवा पलंग आणि त्या पलंगाच्या खाली सरकत्या दारांचा कप्पा. मुलं त्या कप्प्यात झोपत. आजच्या कॅरॅव्हॅनमध्ये मुलांना कुठे निजवायचं यावर जी काही डोकेबाजी चालते, तिचा पहिला धडा हा कप्पा आहे. केंटमध्ये हॉपची तोडणी, कुठे वाटाणा, कुठे फळं, असं कुटुंबच्या कुटुंब हंगामाप्रमाणे फिरत असे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं यांचं चाकांवर.

१८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या गृहस्थांनी ही गाडी हौसेच्या जगात आणली. नौदलातून निवृत्त झालेले शल्यवैद्य, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. त्यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून महोगनी आणि मेपल लाकडाची, १८ फूट लांबीची गाडी बांधून घेतली आणि तिला ‘वाँडरर’ नाव दिलं. ओढायला दोन घोडे, बरोबर गाडीवान, एक नोकर, एक कुत्रा आणि एक पोपट. नोकराचं काम असं की तीनचाकी सायकलवरून पुढे जायचं आणि अरुंद वळणावर समोरून कोणी येत असेल तर सावध करायचं. बर्कशरमधल्या ट्वायफर्डहून निघून ते स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले, १३०० मैल, आणि पुढच्या वर्षी त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. केवळ मौजेसाठी बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून ‘वाँडरर’चं नाव सगळीकडे घेतलं जातं.

त्याच सुमारास लंडनच्या संसदेत काय चाललं होतं तेही पाहिलं पाहिजे. कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ नावाचे एक सुधारक गाड्यांत राहणाऱ्या कुटुंबांची नोंदणी व्हावी, अधिकाऱ्यांना आत शिरून तपासणी करता यावी, मुलांना सक्तीनं शाळेत घालावं, यासाठी कायदा मागत होते. मुलांच्या शिक्षणाची त्यांची कळकळ खरी होती. कालव्यांवरच्या होड्यांत राहणाऱ्या मुलांसाठी त्यांनी आधी कायदे करवून घेतले होते. पण गाडीत राहणाऱ्यांना हा थेट आपल्या घरावरचा घाला वाटला. जत्रेतल्या खेळवाल्यांनी १८८९ मध्ये एकत्र येऊन संघटना बांधली, आणि हे विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जाऊनही मंजूर झालं नाही. म्हणजे एकाच दशकात, एकाच देशात, चाकांवरचं घर एका डॉक्टरच्या दारी प्रतिष्ठेचं होतं आणि मजुराच्या दारी संशयाचं. याच राज्यकर्त्यांनी १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. आपल्याकडच्या पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींवर त्यानं जन्माबरोबर शिक्का मारला, तो स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये पुसला गेला, कागदावर तरी. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव फिरणारं कुटुंब आठवेल. मुलं बरोबर घेऊन, बिऱ्हाड बरोबर घेऊन निघण्याचा हा दुसरा इतिहास आहे, आणि सहलीच्या इतिहासाशेजारी तो ठेवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

स्टेबल्स यांच्यामागून हौशी लोक निघाले. १९०७ मध्ये जे. हॅरिस स्टोन यांनी कॅरॅव्हॅन क्लब स्थापन केला, स्टेबल्स त्याचे एक उपाध्यक्ष झाले. त्याच सालच्या पावसाळी उन्हाळ्यात लेखिका एलिझाबेथ फॉन आर्निम आपल्या मुलींना घेऊन घोड्यांच्या कॅरॅव्हॅनमधून केंटच्या रस्त्यांवर हिंडल्या. त्या अनुभवातून त्यांची १९०९ ची कादंबरी आली. मधल्या वर्षी, १९०८ मध्ये, केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’मध्ये मिस्टर टोड पिवळीधमक कॅरॅव्हॅन घेऊन निघतात, भरधाव मोटार बाजूनं जाते, घोडा बिथरतो आणि गाडी खड्ड्यात पडून मोडते. लहान मुलांच्या गोष्टीत ग्रॅहम यांनी पुढच्या दहा वर्षांचा इतिहास सांगून टाकला होता.

मोटारीनं घोड्याला हटवलं आणि पहिल्या महायुद्धानंतर तीच कॅरॅव्हॅनला ओढू लागली. बर्मिंगहॅममध्ये रायली पिता-पुत्रांनी १९१९ मध्ये एक्लिस ही मोटार-वाहतुकीची कंपनी घेतली आणि मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅन बनवायला सुरुवात केली. जर्मनीत याच कल्पनेचा उगम अगदी घरगुती कारणातून झाला. इस्नी गावच्या डेटलेफ्स घराण्याचा चाबूक करण्याचा कारखाना होता. घोडे कमी झाले तसा तो बर्फावर घसरण्याच्या काठ्यांकडे वळला होता. धंद्यासाठी सतत फिरतीवर असलेल्या आरिस्ट डेटलेफ्सला त्याच्या चित्रकार प्रेयसीनं, फ्रिडल एडेलमाननं सुचवलं, की आपल्याला बरोबर फिरता येईल आणि मला चित्रं काढता येतील अशी एखादी गाडी कर. १९३१ मध्ये त्यानं ती केली. ताटातूट नको म्हणून झालेली ही गाडी आहे, आणि घोड्याचा चाबूक करणाऱ्या कारखान्यातून ती बाहेर पडली.

मोटारीमागे दोन चाकांचं घर ओढणं हे दिसतं तेवढं सोपं नाही, आणि त्यातली खुबी समजल्याशिवाय कॅरॅव्हॅनचा इतिहास कळत नाही. युरोपात आज मोटारीच्या मागे ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा असतो, त्यावर कॅरॅव्हॅनची वाटी बसते. कॅरॅव्हॅनचं नाक त्या गोळ्यावर थोडा भार टाकून असावं लागतं. भार कमी पडला, किंवा जड सामान मागच्या टोकाला ठेवलं, की वेग वाढताच ते घर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतं आणि पुढच्या मोटारीलाही खेचू लागतं. म्हणून पाण्याचे डबे, तंबू, डबाबंद अन्न असं जड सामान खाली, आसाच्या वर ठेवायचं आणि कपडे वरच्या कपाटांत. ब्रेक लावला की मागचं घर पुढे रेटतं; तो रेटाच जोडणीचा दांडा आत ढकलतो आणि त्यातून कॅरॅव्हॅनचे स्वतःचे ब्रेक लागतात. नवशिक्याला सांगितलं जातं की कॅरॅव्हॅनचं भरलेलं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेव. ब्रिटनमध्ये अशा जोडीला मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे, साध्या दुपदरी रस्त्यावर ५० ची. ओढल्या जाणाऱ्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणी बसलेलं चालत नाही, मुलं तर मुळीच नाही. घर मागून येत असतं आणि घरातली माणसं पुढच्या मोटारीत दाटीवाटीनं बसलेली असतात.

आणि ही सगळी यातायात बहुतेक वेळा समुद्राकडे जाण्यासाठी. ब्रिटन हे बेट. मधल्या औद्योगिक शहरांत राहणाऱ्याला सुट्टी म्हणजे किनारा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ज्याला जसं जमेल तसं त्यानं किनाऱ्यावर डोकं टेकायची जागा केली. शोरमच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यावर जुन्या रेल्वे डब्यांची वस्ती तर पहिल्या महायुद्धाआधीपासूनच होती. लिंकनशरच्या वाळूच्या टेकड्यांवर मोडीत निघालेल्या बसगाड्या, ट्रामगाड्या, झोपड्या आणि कॅरॅव्हॅन यांची गर्दी झाली. सौंदर्याची चाड असणारे लोक खवळले. वास्तुरचनाकार क्लफ विल्यम्स-एलिस यांनी १९२८ मध्ये या बेबंद बांधकामांवर पुस्तकच लिहिलं. १९३२ मध्ये लिंडसी परगण्यानं वाळूच्या टेकड्या वाचवण्यासाठी स्वतंत्र कायदा करून घेतला. विल्यम्स-एलिस यांचा संताप मला समजतो, त्या टेकड्या खरोखर नाजूक होत्या. पण तिथे जुन्या बसमध्ये राहायला येणारं कुटुंब हॉटेलचं भाडं देऊ शकत नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. रेल्वे कंपन्यांनी यातून मधला मार्ग काढला. १९३३ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनं जुने डबे दुरुस्त करून, सहा जणांच्या झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून गावोगावच्या स्थानकांच्या बाजूमार्गांवर उभे केले आणि आठवड्याच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. बाकीच्या कंपन्यांनी लगेच तिचा कित्ता गिरवला. डेव्हनमधलं डॉलिश वॉरन हे अशा डब्यांसाठी नावाजलेलं ठिकाण. रेल्वेचंच घर, रेल्वेनंच जायचं, खिडकीतून समुद्र. पुढे मोटारी वाढल्या, १९६० च्या दशकात रेल्वेच्या काटछाटीसाठी केलेल्या बीचिंग यांच्या अहवालानंतर किनाऱ्याकडे जाणाऱ्या अनेक लहान रेल्वेवाटा बंद झाल्या आणि ही सोयही आटत गेली.

कॅरॅव्हॅन खऱ्या अर्थानं लेकुरवाळी झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९३८ च्या कायद्यानं पगारी सुट्टीची वाट खुली केली होती, पण युद्ध आडवं आलं. १९५० मध्ये पेट्रोलचं रेशनिंग उठलं. त्याच्या आदल्या वर्षी सॅम आल्पर या तरुण कारखानदारानं ‘स्प्राइट’ नावाची लहान, हलकी कॅरॅव्हॅन १९९ पौंडांत बाजारात आणली होती. तिला कोरीव काम नव्हतं की महोगनी नव्हतं. बेताच्या मोटारीला ओढता येईल आणि बेताच्या पगारात बसेल, एवढाच विचार. ती दणकट आहे हे पटवून देण्यासाठी आल्पर स्वतः ती घेऊन भूमध्य समुद्राभोवती फिरून आला. नंतर १९५८ मध्ये रस्त्याकडेला थांबणाऱ्यांसाठी ‘लिटल शेफ’ ही खाणावळीची साखळी सुरू केली तीही यानंच. रस्त्यावरच्या कुटुंबाला काय लागतं हे त्याला नेमकं कळत होतं.

तोपर्यंत समुद्रावर जाणारं कुटुंब खाणावळवजा घरांत उतरत असे. तिथल्या मालकिणींचा दरारा मोठा. न्याहारी झाली की बाहेर पडायचं आणि संध्याकाळच्या जेवणाशिवाय परत यायचं नाही, हा अनेक ठिकाणचा नियम. बाहेर पाऊस असो, बाळ झोपेला आलेलं असो. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जुलैतही थंड वारा आणि पाऊस कधी येईल सांगता येत नाही. तान्हं मूल कडेवर आणि मोठं हाताशी घेऊन दिवसभर धक्क्यावर आडोसा शोधणाऱ्या आया त्या काळात ठरलेल्याच होत्या. त्यांच्या दृष्टीनं कॅरॅव्हॅनचं पहिलं सुख समुद्र नव्हे, दुपारी दार लावून मुलाला निजवता येणं हे होतं.

आत पाऊल टाकलं की दोन बाकांच्या मधे टेबल. रात्री टेबलाची फळी खाली उतरवायची, बाकांच्या गाद्या तिच्यावर सरकवायच्या, की आईवडिलांचा पलंग तयार. दुसऱ्या टोकाला एकावर एक दोन अरुंद बिछाने, वरच्याला पडू नये म्हणून कठडा. कोणी वर झोपायचं यावरून भावंडांची रोजची भांडणं. १९३५ पासून ब्रिटनमध्ये सिलिंडरमधला कॅलोर गॅस मिळू लागला होता, त्यामुळे दोन शेगड्यांवर चहा आणि अंडी व्हायची. पाण्यासाठी आडवं लोटत न्यायचं पिंप असतं. ते नळापर्यंत रिकामं नेणं आणि भरून आणणं हे काम मुलांचं, आणि त्यासाठीही भांडणं. संडासाचं काम बापाचं. रसायन घातलेली बादली ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. कॅरॅव्हॅनच्या अंगाला बाहेरून जोडायचा तंबू असतो, त्यात ओले बूट, जाळी, बादल्या, फावडी. वाळू आत येऊ नये म्हणून दारात तसराळं ठेवून पाय धुवायला लावणारी आई प्रत्येक कुटुंबात असायची. पत्र्यावर पाऊस वाजतो आहे आणि सगळे टेबलाभोवती पत्ते खेळत बसलेत, ही त्या पिढीतल्या कित्येकांची बालपणाची सर्वांत पक्की आठवण आहे.

त्या आईला सुट्टी मिळाली का, हे विचारायला हवं. घरातला स्वयंपाक चुकला नाही, तो अधिक अडचणीच्या ओट्यावर आला. कपडे हातानं धुवावे लागले. मात्र जागा एवढीशी असल्यामुळे घरातलं एकही काम कुणाच्या नजरेआड राहिलं नाही, आणि पाणी, संडास, गॅस ही कामं नवऱ्याकडे आणि मुलांकडे गेली. घराच्या आकारामुळे कामाची वाटणी झाली, कुणाच्या उदारपणामुळे नाही. तरी झाली.

एवढी कुटुंबं किनाऱ्याकडे निघाल्यावर शेतकऱ्यांनी आपली कुरणं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. दरवर्षी ओढत आणण्यापेक्षा कॅरॅव्हॅन तिथेच ठेवून जाणं सोयीचं पडू लागलं. मग ती मोठी झाली, तिला न्हाणीघर आलं, आणि मोटारीनं ओढता येईल असा तिचा आकार राहिलाच नाही. दुसरीकडे, युद्धात घरं गेलेली हजारो कुटुंबं नाइलाजानं बारा महिने कॅरॅव्हॅनमध्ये राहत होती. सर आर्टन विल्सन यांनी १९५९ मध्ये त्यांच्याबद्दल सरकारला अहवाल दिला आणि १९६० मध्ये कॅरॅव्हॅनच्या जागांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. प्रत्येक जागेला परवाना लागू लागला. अंतर किती, पाणी कुठे, आग लागली तर काय, हे सारं ठरलं. याच कायद्यानं कॅरॅव्हॅन म्हणजे काय तेही सांगितलं: माणसाला राहण्याजोगी, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येण्याजोगी वस्तू. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या त्या न फिरणाऱ्या चाकांचा अर्थ इथे आहे. ती घरं हलत नाहीत, पण हलवता येतात. म्हणून कायद्याच्या नजरेत ती इमारत नाहीत, आणि इमारतीला जी जागा कधीच मिळाली नसती तिथे ती उभी आहेत.

ज्यांची चाकं खरोखर फिरत होती त्यांना मात्र हा कायदा महागात पडला. त्यातल्या एका कलमानं स्थानिक परिषदांना सार्वजनिक कुरणांवर कॅरॅव्हॅन थांबवायला बंदी करता येऊ लागली, आणि रोमानींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे तळ एकामागून एक बंद झाले. शेतकऱ्यांनाही परवान्याशिवाय त्यांना ठेवून घेता येईना. १९६८ च्या कायद्यानं त्यांच्यासाठी जागा करण्याची जबाबदारी परिषदांवर टाकली, १९९४ च्या कायद्यानं ती काढून घेतली. २०२२ च्या पोलीस कायद्यानं परवानगीशिवाय गाडी थांबवून राहणं हा काही परिस्थितींत गुन्हा ठरवला. त्यातल्या काही तरतुदी मानवी हक्कांशी विसंगत आहेत असं लंडनच्या उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलं. ज्यांच्याकडून ही गाडी घेतली, पलंगाखाली मुलं निजवायची युक्ती घेतली, त्यांनाच थांबायला जागा उरली नाही. कॅरॅव्हॅनच्या कौतुकाच्या पुस्तकांत हे प्रकरण सहसा दोन ओळींत उरकलं जातं, याचा मला राग येतो.

इंजिन आणि घर एकाच सांगाड्यात असणारी कॅम्पर व्हॅन ही याच घराण्याची धाकटी पाती. जर्मनीत वेस्टफालियानं १९५१ पासून फोल्क्सवागनच्या डबागाडीत बसवायचं लाकडी सामान बनवलं. इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची ‘डॉर्मोबिल’ आली. तिचं छप्पर एका बाजूनं वर उघडायचं आणि त्या पोकळीत कापडी झोळ्यांवर मुलं झोपायची. धावत्या गाडीत मुलं मागे खेळत, लोळत असत. १९८९ मध्ये मागच्या आसनावरच्या मुलांना पट्टा सक्तीचा झाला आणि ते संपलं, संपलं ते बरंच झालं. याच डबागाड्या साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत आपल्याकडे आल्या आणि गोव्याच्या हणजूण, कळंगुटच्या माडांखाली थांबल्या. तो खुष्कीचा मार्ग १९७९ मध्ये इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातलं सोव्हिएत आक्रमण यांमुळे बंद झाला. गोव्याच्या किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करण्याला आता कायद्यानं दंड आहे.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हल शहराच्या पूर्वेला होल्डरनेस नावाचा पट्टा आहे. हल आणि आसपासचा भाग हे ब्रिटनमधल्या कॅरॅव्हॅन-बांधणीचं मुख्य केंद्र. तिथून तासाभराच्या अंतरावरचा हा किनारा हिमयुगानं सोडलेल्या मऊ चिकणमातीचा आहे आणि समुद्र तो दरवर्षी सरासरी दीड-दोन मीटर खातो. युरोपात इतक्या वेगानं मागे हटणारे किनारे थोडेच. कड्यावर कॅरॅव्हॅनच्या वसाहती आहेत. समोरची ओळ कड्याच्या फार जवळ आली की ती घरं उचलून मागच्या शेतात नेतात. शेजारची विटांची घरं मात्र पाडावी लागतात. सहा-सात दशकं नुसती कायद्यापुरती असलेली हलण्याची क्षमता तिथे खरोखरीची उपयोगी पडते आहे.

स्टेबल्सचा प्रवास जिथे पोचला त्या इन्व्हर्नेसहून २०१५ पासून स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा ५१६ मैलांचा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा मार्ग प्रसिद्ध झाला. भाड्याच्या मोटारघरांतून मुलांना घेऊन तो करणाऱ्यांत ब्रिटनमधली मराठी कुटुंबंही असतात. रस्ता बराचसा एकपदरी. समोरून कोणी आलं की बाजूच्या फुगवट्यात थांबायचं. उन्हाळ्यात गाड्या इतक्या होतात की तिथल्या गावकऱ्यांची तक्रार धावणाऱ्या गाड्यांपेक्षा थांबणाऱ्यांबद्दल जास्त असते: कुठेही उभं राहणं, संडासाची टाकी कुठेही ओतणं.

हे सगळं आपल्याकडे येऊ घातलं आहे म्हणून एवढ्या तपशिलात सांगितलं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी मार्ग पुलापुलानं जोडला जातो आहे. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी अशा खाड्या आजही गाडी फेरीबोटीत घालून ओलांडता येतात, आणि मुलांना त्याहून मोठी मौज नाही. मोटारघरं भाड्यानं मिळू लागली आहेत. गुहागर, हर्णे, आरवलीकडे ती दिसतात. दोन लहान मुलं घेऊन कोकणात जाणाऱ्या कुटुंबाला स्वच्छ संडास आणि स्वतःची शेगडी बरोबर असणं किती मोलाचं आहे, हे मुंबई-गोवा रस्त्यावर मुलाला घेऊन अडकलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. माझा या गाड्यांना अजिबात विरोध नाही. प्रश्न त्या रात्री कुठे उभ्या राहतील हा आहे. सुरूच्या बनात, भरतीरेषेलगत, कासवांच्या घरट्यांशेजारी त्या जाऊ लागल्या तर लिंकनशरच्या टेकड्यांवर जे घडलं ते इथे घडायला वेळ लागणार नाही. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ पासून आहे, पण ती मुख्यतः बांधकामाकडे पाहते. चाकांवरचं घर तिच्या नजरेतून सहज निसटेल.

१९६० च्या त्या ब्रिटिश कायद्यात एक सवलत आहे. मान्यताप्राप्त क्लबनं दाखला दिलेल्या शेतकऱ्याला स्वतंत्र परवाना न काढता आपल्या जमिनीवर सभासदांच्या पाच कॅरॅव्हॅनपर्यंत थांबवता येतात. पाचच. नळ, कचऱ्याची सोय, रसायनाचा संडास रिकामा करायची जागा, एवढं हवं. १९०७ च्या त्या क्लबकडे आज अशा दोन हजारांहून अधिक जागा आहेत, पुष्कळशा किनाऱ्यापासून थोड्या आत, कुणाच्या गोठ्यामागे, कुणाच्या सफरचंदाच्या बागेत. भाडं शेतकऱ्याला मिळतं, अंडी आणि दूध त्याच्याकडूनच घेतलं जातं. कोकणातल्या वाड्यांना हे माप चपखल बसेल असं मला वाटतं. समुद्रापासून अर्धा-एक किलोमीटर आत, आगरात किंवा आमराईत पाच गाड्यांची जागा, विहिरीचं पाणी, विजेची जोडणी, मैल्यासाठी शोषखड्डा नव्हे तर बंद टाकी, कारण कोकणात गोड्या पाण्याची विहीर आणि खड्डा यांच्यात अंतर फार थोडं असतं. जेवण वाडीतल्या घरातूनच मिळावं. परवाना ग्रामपंचायतीनं द्यावा आणि भाड्यातला ठरावीक वाटा टाकी उपसण्यासाठी वेगळा काढून ठेवावा.